दावणीला बांधलेली गाडी

आमच्या राजुरीच्या गोठ्यात दोन वर्षं एक मोटारसायकल दाव्यानं बांधलेली होती. हे काही गमतीनं केलेलं नव्हतं. वजन कमी करायच्या नादात मी तिचा स्टँड कापून टाकला होता, आणि बिनस्टँडची गाडी भिंतीला टेकवून ठेवली की कधी वाऱ्यानं, कधी मांजरानं उडी मारली म्हणून आडवी व्हायची. असा एकदा क्लच लिव्हर मोडला, एकदा पेट्रोल सांडलं. शेवटी वडिलांनीच एक दिवस जुनं दावं आणलं आणि तिचं हँडल खुंटाला करकचून बांधलं. त्यांच्या हातची ती गाठ अशी असायची की जनावरानं हिसडा दिला तर आवळायची आणि माणसानं शेवट ओढला तर एका झटक्यात सुटायची. मला ती गाठ आजवर जमलेली नाही.

शेजारपाजारचे मुद्दाम गोठ्यात डोकावायचे. वैरण टाकली का, धार कधी काढणार, असं विचारून जायचे. मी चिडायचो. दादा चिडायचे नाहीत. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

त्या खुंटाला आधी दादांचा शर्यतीचा बैल असायचा. आमच्या जुन्नर-आंबेगावात जत्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत आलीच. चढाचा एक पट्टा तयार करतात, त्याला घाट म्हणायचं. गाड्यात कोणी बसत नाही, बैल आपले आपण घाट चढून वर पळतात. त्या एका धावेला बारी म्हणतात. बारी सेकंदांत मोजतात आणि तिच्याविषयी वर्षभर बोलतात. दादा त्यातले जुने जाणते. दुसऱ्याच्या बैलाची बारीसुद्धा ते न विचारता जोखायचे, आणि चांगली बसली तर डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवायचे. आमच्या आईनं त्यांच्या किती टोप्या धुळीतून उचलल्या असतील ते तीच जाणे. पुढं त्यांचे गुडघे गेले. बैलांमागं धावणं होईना, तेव्हा त्यांनी जोडी एका ओळखीच्या घरी देऊन टाकली. गोठा रिकामा झाला, आणि त्या रिकाम्या जागेत मी ही गाडी आणून लावली.

आठवडाभर ते गोठ्याकडं फिरकले नाहीत. मग एका सकाळी गव्हाणीच्या काठावर येऊन बसले आणि बाजारात जनावर बघतात तशी त्यांनी ती बघितली. पुढून बघितली, मागून बघितली, वाकून पोटाखालून बघितली, टायरवर टिचकी मारली. शेवटी म्हणाले, याचे दात काय दिसत नाहीत. आणि उठून गेले.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते कामावरून. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि मी आळेफाट्याला पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करायच्या दुकानात कामाला होतो. जळालेली मोटार खोलायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. एकदा घोडेगावच्या पुढं डोंगरातल्या एका गावी विहिरीवरची मोटार बसवायला गेलो होतो. काम उरकून एस्टीची वाट बघत होतो, तर खालच्या ओढ्यातून इंजिनांचा आवाज आला. पुण्याहून आलेली पाच-सहा पोरं ओढ्यातल्या धोंड्यांवरून मोटारसायकली चालवत होती. मला वाटलं, शर्यत असेल. पण ही मंडळी माणूस चालतो त्याहून हळू जात होती. गाडीला बसायला सीट नाही, सगळे पायखुंट्यांवर उभे. एक जण एका मोठ्या दगडासमोर येऊन चक्क थांबला. गाडी जागेवर डुलली, मग पुढचं चाक उचलून ती दगडावर चढली आणि पलीकडं अलगद उतरली. या सगळ्यात त्यानं पाय जमिनीला लावला नाही.

त्यातल्या एकाला मी विचारलं. तो म्हणाला, याला ट्रायल म्हणतात. फिती लावून रस्ता आखलेला असतो. वेगाला किंमत नाही. पाय टेकला की एक गुण गेला, पडलात की पाच गेले. ज्याचे कमी गेले तो जिंकला. मी ऐकत राहिलो आणि माझी एस्टी गेली.

त्यांच्या गाड्या परदेशातून आलेल्या किंवा भरपूर कारागिरी केलेल्या. मला परवडेल अशी एकच होती. गावातल्या दूधवाल्याची शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक. दोन्ही बाजूंना दुधाच्या कँडांसाठी आकडे वेल्डिंग केलेले, मागचं मडगार्ड ओझ्यानं दबलेलं, आणि सगळ्या अंगाला आंबट वास. पण इंजिन हलकं होतं आणि दूधवाला तिला ज्या चिखलातून रोज काढायचा तो मी बघितलेला होता. धुऊन धुऊन आंबट वास गेला. एक वर्ष लागलं त्याला.

पहिला मोठा सल्ला दादांकडूनच मिळाला. मी हौसेनं गाडीला काय काय लावावं याची यादी करत होतो. ते गव्हाणीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "लावतो काय? आधी काढ. शर्यतीचा गाडा कधी भरलेला बघितला का?"

मग मी काढत सुटलो. कँडांचे आकडे, कॅरिअर, लेगगार्ड, इंडिकेटर, आरसे, चेनकव्हर. साडीगार्ड काढताना आई दारात येऊन उभी राहिली. आता मी कुठं बसायचं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, या गाडीवर कोणीच बसत नाही, चालवणाराही नाही. तिनं कपाळाला हात लावला. सीट काढून मी तिथं रबराचा एक पट्टा बांधला तेव्हा तिनं विचारायचं सोडून दिलं.

सगळं काढून झाल्यावर लावायला घेतलं. सगळ्यात आधी चेनची दातेरी चक्रं, म्हणजे स्पॉकेट. पुढचं कमी दातांचं, मागचं मोठं, म्हणजे गाडी पळायची कमी आणि ओढायची जास्त. मागचं एवढं मोठं बाजारात मिळेना. नारायणगावच्या एका लेथवाल्यानं करून दिलं, पण देताना म्हणाला, भाऊ, या स्पॉकेटवर तुमी पुण्याला निघाला तर दिवाळीला पोचाल. खरंच होतं. टॉप गिअरमध्येसुद्धा सायकलवाले मला मागं टाकायचे.

इंजिनच्या पोटाखाली जाड पत्रा हवा, नाही तर दगडावर आपटून केसच फुटते. तो मिळाला मोडक्या लोखंडी नांगरातून. त्याचा बाक इंजिनखाली असा बसला की जसा मापानंच केलेला. पायखुंट्या मी खाली आणि मागं सरकवून वेल्डिंग केल्या, पाय घसरू नये म्हणून कानसीनं त्यांना दाते पाडले. त्या दात्यांनी माझ्या दोन चपला खाल्ल्या. मग मी पुण्याच्या जुन्या बाजारातून बूट आणले.

टायर हा सगळ्यात अवघड मामला. ट्रायलचं टायर मऊ असतं आणि त्यात हवा नावापुरती ठेवतात, म्हणजे ते दगडावर पसरून पकड घेतं. पुढं ओळख वाढलेल्या त्या पुण्याच्या पोरांनी मला त्यांचं झिजलेलं एक मागचं टायर दिलं. ते घालून मी हवा कमी केली, जोरात क्लच सोडला आणि टायर रिमवर फिरलं. ट्यूबचा नोझल मुळापासून उपटला. असं तीनदा झाल्यावर मी मोटारीच्या कपलिंगचा एक तुकडा घासून, त्याला रबर चिकटवून, टायर रिमला आतून दाबून धरेल असं एक कडं केलं. ते आजही माझ्याकडं आहे. त्याच्याएवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही, आणि ते कोणाला दाखवलं तर समोरच्याला ते काय आहे हे कळत नाही.

सांभाळायचं म्हणाल तर एका गाडीला एका बैलाइतका वेळ द्यावा लागायचा. चेन रॉकेलमध्ये धुवायची आणि जाड गिअर ऑइल सोडायचं. रॉकेल आईच्या स्टोव्हचं. क्लचची केबल सगळ्यात महत्त्वाची, कारण ट्रायलमध्ये ब्रेक आणि ॲक्सिलरेटरपेक्षा क्लचवर जास्त चालतं. केबल जरा जरी चिकटली तरी बोटांना कळतं. तिच्यात तेल सोडायला मी जनावरांच्या डॉक्टरकडून वापरून झालेली मोठी सिरिंज आणली होती. एका बाजूनं तेल भरायचं आणि दुसऱ्या बाजूनं ते काळं होऊन पडेपर्यंत, मग स्वच्छ पडेपर्यंत थांबायचं. लिव्हर मात्र पूर्ण आवळायचे नाहीत. ते हातानं फिरतील इतके ढिले ठेवले की गाडी पडल्यावर मोडत नाहीत, नुसते वळतात. हे मी चार लिव्हर मोडल्यावर शिकलो.

ही सगळी कामं मी करायचो तेव्हा दादा गव्हाणीवर असायचे. मी आपला बोलत राहायचो. हे कशाला, ते कशाला, हे त्यांनी न विचारताच सांगायचो. ते सुपारी कातरत बसायचे. ऐकतात की नाही, कळायचं नाही. एक गोष्ट मात्र त्यांना मी कधी सांगितली नाही, ती म्हणजे ब्रेकची. चाकाच्या आत ड्रम असतो, लायनर त्याला आतून घासतो म्हणून गाडी थांबते. सगळ्या गाडीला तेल लागतं, वंगण लागतं, तेवढा एक लायनर कोरडा लागतो. ही गोष्ट मला इतकी सोपी वाटायची की ती सांगायची असते हेच सुचलं नाही.

दुकानात माझ्या वस्तादांचा एक दंडक होता. दुसऱ्या कोणी आवळलेला नट दिसला की तो सोडायचा, आत बघायचं आणि आपल्या हातानं पुन्हा आवळायचा. मग ते दुसरे कोणी स्वतः वस्ताद असले तरी. शिकाऊ असताना मी एकदा त्यांचाच नट त्यांच्यासमोर सोडला होता, तर त्यांनी मला चहा पाजला. तेव्हापासून मी तो दंडक कधी मोडला नव्हता.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरता सरता आईनं गाईचा विषय काढला. तिला एक संकरित गाय हवी होती. घरात दूध विकत आणायचं आणि गोठ्यात लोखंड बांधून ठेवायचं हे तिला बघवत नव्हतं. जागा होती एकच. दादांनी दोघांचं ऐकून घेतलं. त्याच सुमारास पुण्याची ती मंडळी घोडेगावच्या वरच्या अंगाला एक लहानशी ट्रायल भरवणार असल्याचा निरोप मला आला होता. मी ते सांगितलं, तेव्हा दादांनी आपला निकाल दिला. जनावराचा असतो तसाच होता.

"जे पळत न्हाई ते मी दावणीला ठेवत न्हाई. एक बारी साफ दाखव. पाय न टेकता. दाखावली तर गाडी ऱ्हाईल. न्हाई तर दसऱ्याला तिथं गाय बांधायची."

मी म्हणालो, ठरलं. आई म्हणाली, ठरलं. ती त्याच दुपारी गाईला नाव शोधायला लागली, याचा मला फार राग आला.

पुढचे तीन आठवडे मी गावामागच्या माळावर दगड रचून त्यांवर चढत-उतरत होतो. गुडघे सोलले, पण चार-पाच दगड पाय न टेकता जमायला लागले. ट्रायलच्या आदल्या दिवशी मी पुढचं चाक काढून ठेवलं. लायनर काचकागदानं घासले, ड्रम पेट्रोलनं पुसला, सगळं एका गोणपाटावर मांडलं. आता बेअरिंगला बोटभर ग्रीस लावायचं आणि चाक बसवायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात दुकानातून बोलावणं आलं. निमगाव सावा गावाच्या पिण्याच्या पाण्याची मोटार जळाली होती आणि ती त्याच दिवशी भरून द्यायची होती. गाव तहानलेलं ठेवून चाक कसं बसवणार? गेलो.

दिवस कलताना परत आलो तर गाडी दोन्ही चाकांवर उभी होती. धुतलेली, पुसलेली. दावंसुद्धा नवं. दादा अंगणात पाठ करून बसले होते, जसा त्यांचा काही संबंधच नाही. मी गाडीजवळ गेलो तेव्हा ते न वळता म्हणाले, "चाक बसावलंय. बघ, हलकं फिरतंय का."

मी पुढचा भाग उचलून चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं. आवाज नाही, लचक नाही. दोन वर्षं हा माणूस सुपारी कातरत बसला होता, आणि कुठला वॉशर कुठं, ब्रेकची प्लेट कुठल्या खाचेत, हे सगळं त्यानं टिपून ठेवलं होतं. मी आसाच्या नटाला पाना लावून बघितला, नट पक्का होता. वस्तादांचा दंडक आठवला. पाना हातात होता, नट सोडायला दहा मिनिटं पुरली असती. पण दादा आता वळून बघत होते. त्यांनी आवळलेला नट त्यांच्यासमोर सोडायचा कसा? मी पाना खिळ्याला अडकवला आणि म्हणालो, लई हलकं फिरतंय.

दुसऱ्या दिवशी गाडी टोमॅटोच्या टेंपोत घालून नेली, कारण माझ्या स्पॉकेटवर ती चालवत नेली असती तर ट्रायल संपल्यावर पोचलो असतो. दादा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. धुवट टोपी, इस्त्रीचा सदरा, शर्यतीला जायचा जुना थाट. आई आली नाही. ती गाय बघायला गेली होती.

ओढ्यात तीन टप्पे आखले होते, दादांच्या हिशेबानं तीन बाऱ्या. आजूबाजूच्या डोंगरातल्या वाड्यांमधली माणसं भाताची खाचरं सोडून बघायला आली होती आणि कातळावर ओळीनं बसली होती. दादांनी समोरच्या बाजूला एक धोंडा गाठला. पुण्याच्या पोरांनी त्यांना खुर्ची देऊ केली ती त्यांनी घेतली नाही, बसून बारी दिसत नसते म्हणाले.

पहिल्या टप्प्यात मी घाबरूनच एकदा पाय टेकला. ती चूक माझी. दुसऱ्यात ओल्या गोट्यांवरून मागचं चाक सरकलं, दोनदा टेकला. त्याही चुका माझ्याच. गाडी मात्र झकास चालली होती, क्लच बोटाच्या इशाऱ्यावर, टायर रिमला चिकटून. दोन्ही टप्प्यांत उताराला पुढचा ब्रेक नीट लागला. ऊन चढत होतं. उरला शेवटचा टप्पा, आणि एक बारी तर साफ हवी होती.

ओढ्यातून वर चढायचं, एका उंबराला वळसा घालायचा आणि कातळाच्या तिरक्या फरशीवरून खाली यायचं. चढ मी असा चढलो की मलाच खरं वाटेना. मोठ्या धोंड्यापुढं थांबलो, डुललो, चाक उचललं, चढलो. उंबराखाली जागा अगदी कमी, तिथं दोन वेळा गाडी जागेवर नाचवून वळवली. वर आलो तेव्हा समोर दादा दिसले. त्यांनी टोपी डोक्यावरून काढून हातात घेतली होती.

फरशीवर पुढचं चाक घातलं आणि ब्रेक दाबला. लिव्हर नेहमीसारखा आला, पण चाक थांबलं नाही. पुन्हा दाबला. गाडी सुटली. मी दोन्ही पाय घासत खाली आलो आणि फितीबाहेरच्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसलो. कातळावरची मंडळी पोट धरून हसली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

मला लागलं काही नाही. गाडी जाळीतून ओढून काढली आणि पुढच्या चाकाकडं बघितलं. ब्रेकच्या प्लेटच्या कडेनं काळा ओघळ तारांवर आला होता. बोट लावून वास घेतला. एरंडेल आणि काजळी. बैलगाडीचं वंगण. आमच्या घरी बाभळीच्या खोडाला ते बांबूच्या नळ्यात टांगलेलं असायचं आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी दादा स्वतः गाड्याच्या दोन्ही चाकांत ते भरायचे. ते काम त्यांनी कधी कोणाला करू दिलं नाही. बैल गेल्यापासून नळा कोरडा पडला होता. म्हणजे हे वंगण त्यांनी ताजं केलं होतं. मी निमगावच्या मोटारीत तार भरत असताना, माझ्या चाकासाठी. बेअरिंगपाशी ठासून भरलेलं, दोन टप्प्यांच्या ब्रेकच्या आणि उन्हाच्या तापानं पातळ होऊन ते लायनरवर उतरलं होतं.

राग आला नाही असं म्हणणार नाही. आला, आणि भरपूर आला. नट न सोडल्याबद्दल स्वतःचा आला, पण दादांचाही आला. मान वर केली तर ते येत होते. गुडघे धरत, कातळावरून एकेक पाय जपून टाकत, टोपी परत डोक्यावर. बोलायला एकच वाक्य पुरलं असतं आणि गाडी वाचली असती, कारण दादा न्यायाला पक्के होते. मी सदऱ्याच्या बाहीनं तो ओघळ पुसला, तारा पुसल्या, बाही दुमडून घेतली.

ते पोचले. काय झालं, एवढंच विचारलं.

"पाय टेकला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. येताना टेंपोत ते मागं माझ्याजवळ बसले, रिकाम्या क्रेटवर, आणि वाटभर एका हातानं गाडीचं हँडल धरून होते.

दसऱ्याला गाय आली. चांगली होती, खोटं कशाला बोलू. गाडी घ्यायला कोण यावं, तर शेजारच्या गावचा एक दूधवालाच. त्यानं पहिल्याच आठवड्यात कँडांचे आकडे परत लावून घेतले. देण्याआधी मी तिचं पुढचं चाक खोललं, सगळं वंगण पेट्रोलनं धुतलं आणि नवे लायनर घातले. तेव्हा दादा घरात नव्हते. ते घरात नसतील असाच दिवस मी बघितला होता.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं गेली. माझं स्वतःचं रिवायंडिंगचं दुकान झालं, रस्त्यावर चालणारी, सीट असलेली, साडीगार्ड असलेली मोटारसायकल झाली. एका रविवारी अंगणात मी तिचे ब्रेक लायनर बदलत होतो. दादा बाजेवर बसले होते. आता सुपारी कातरत नव्हते, दात राहिले नव्हते. आई ओट्यावर सुपात वालाच्या शेंगा सोलत होती. मी ड्रम पुसून कोरडा केला आणि प्लेट बसवायला घेतली, तेव्हा ते म्हणाले, याला वंगण लावायचं राहिलं.

मी कामात होतो. सहज बोलून गेलो की लायनरला तेलाचा डाग लागला तरी ब्रेक लागत नाही. बोललो आणि जीभ चावली. मान खाली घालून मी नट आवळत बसलो, तो आवळलेलाच होता तरी.

ते बाजेवर पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "घोडेगावला तुझा ब्रेक लागला न्हवता."

मी पाना खाली ठेवला.

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

इतक्या वर्षांत मनातल्या मनात मी याची दहा उत्तरं तयार केली होती, ती बाजूला ठेवली. जे खरं होतं ते बोललो. "चाक लई हलकं फिरत व्हतं, दादा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पलीकडं गोठ्याकडं बघितलं. तिथं त्या गाईची कालवड बांधलेली होती. त्यांचे ओठ हलत होते, जत्रेत बारीचा हिशेब करताना हलायचे तसे. चढ, धोंडा, उंबर, वळसा, फरशी. सगळी बारी ते पहिल्यापासून पुन्हा बघत होते.

"मंग बारी साफ व्हती," ते म्हणाले.

त्यांनी टोपी काढली आणि उडवली. हात आता पूर्वीसारखा वर जात नव्हता. ती जेमतेम ओट्यापर्यंत गेली आणि आईच्या सुपात शेंगांवर पडली. आईनं वर बघितलं. काय झालं, म्हणून तिनं विचारलं.

"ह्याचा पाय टेकला न्हवता," दादा म्हणाले.

कधीचं बोलताय, असं आईनं विचारलं. तिनं टोपी उचलली, तिला चिकटलेली सालं झटकली आणि माझ्याकडं देऊन म्हणाली की घाल त्यांच्या डोक्यावर, ऊन आहे.